पीएचडीच्या शेवटच्या पानांकडं पण बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आपल्या भागातल्या पीएचडी झालेल्या पोरापोरींचे फोटो आले होते, कुणी आईबापाला शेजारी उभं करून काढलेला, कुणी गावच्या शाळेसमोर. बघून लई बरं वाटलं. त्यातल्या दोघी आमच्या लायब्ररीत बसून अभ्यास केलेल्या, म्हणून जरा जास्तच. पण ते बघताना एक गोष्ट डोक्यात आली ती काही केल्या जाईना, म्हणून हे पत्र. मी परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे, १९ वर्षं झाली. थिसिस हातात आला की लोक पहिलं पान बघतेत, अर्पणपत्रिका वाचतेत, आभार वाचतेत, आपलं नाव आलंय का ते बघतेत. शेवटची वीस-पंचवीस पानं म्हणजे संदर्भसूची, ती कुणी उघडत पण नाही. मी उघडतो, कारण माझं कामच ते आहे, आणि तिथं जे दिसतं त्यानं जीव तुटतो.

एक उदाहरण सांगतो, पोरीच्या परवानगीनं सांगतो, नाव नको म्हणली म्हणून लिहीत नाही. वनस्पतिशास्त्राची पोरगी, वडलांची साडेतीन एकर जमीन, रोज एसटीनं येणं-जाणं. तिचं काम तुरीच्या मर रोगावर. आपल्याकडं तूर उभ्या उभ्या वाळते ते कुणाला सांगायला नको, आणि बदनापूरच्या संशोधन केंद्रातून निघालेलं बीडीएन ७११ वाण तर आता बांधाबांधावर माहीत आहे, त्याच्यासकट चार-पाच वाणांवर तिनं दोन हंगाम नोंदी घेतल्या. उन्हात उभं राहून एकेक झाड मोजलेलं. काम चोख, सरांनी पण तारीफ केली. पेपर म्हणजे शोधलेख लिहिला, जर्नलला म्हणजे असे लेख छापणाऱ्या नियतकालिकाला पाठवला, आणि आठ दिवसांत परत आला. कुणी शास्त्र तपासलंच नव्हतं, दोन ओळींची मेल, की रेफरन्स आमच्या स्टाईलमध्ये नाहीत, दुरुस्त करून पाठवा.

तिनं लेखक-वर्ष पद्धतीनं लिहिलेलं, म्हणजे वाक्याच्या शेवटी कंसात आडनाव नि साल. जर्नलला पाहिजे होते नंबर, ज्याला व्हँकूवर म्हणतेत, मजकुरात जो संदर्भ पहिल्यांदा येईल त्याला १, पुढचा २, असं. तिच्याकडं ८६ रेफरन्स. तिनं सगळे हातानं बदलले, दोन रात्री गेल्या. मग सर म्हणले प्रस्तावनेत बटलरचा १९१० चा संदर्भ घाल, ज्यानं हा रोग पहिल्यांदा नीट अभ्यासला त्याचं नाव नको का. बरोबरच आहे सरांचं. पण तो संदर्भ बसला चौथ्या जागेवर, आणि त्याच्या पुढचे सगळे नंबर एकेकानं सरकले. ४ चा ५ झाला, ५ चा ६ झाला, असं ८६ चे ८७ होईपर्यंत. आणि ते नुसतं यादीत नाही तर मजकुरात जिथं जिथं आलेत तिथं तिथं, आणि एकेक संदर्भ तर चार-चार ठिकाणी आलेला. माझ्यासमोरच्या टेबलावर बसून ती पेन्सिलीनं प्रिंटवर एकेक नंबर खोडून नवा लिहीत होती. ४१ पर्यंत आली आणि तिला कळंना की हा जुना ४१ का नवा ४१. तिथं तिनं पेन्सिल ठेवून दिली आणि रडायला लागली. मी १९ वर्षांत पोरं नापास झाल्यावर रडताना बघितलीत, नंबर मोजताना रडताना पहिल्यांदाच बघितलं.

आता मला सांगा, हे काम तिला कुणी शिकवलं होतं का? नाही. तिच्या गाईडला तरी कुणी शिकवलं होतं का? त्यांना पण नाही, ते त्यांच्या काळात टायपिंगवाल्याकडं गेलेले. आज पण तेच चाललंय. विद्यापीठ कुठलंही घ्या, गेटासमोर झेरॉक्स आणि टायपिंगची दुकानं असतेत, तिथं थिसिसचं बाइंडिंग पण होतं आणि रेफरन्स पण "करून मिळतेत". त्या दुकानदारांना मी दोष देत नाही, ते पोट भरतेत आणि टाईपिंग त्यांचं सुरेख असतं, पण टायपिंग करणाऱ्या पोराला तुरीचं काय माहीत, तो बिचारा स्वल्पविराम बघतो, नाव खरं का खोटं ते कसं बघणार.

मुळात ही स्टाईलची भानगड काय आहे हे पोरांना एकदा गोष्टीसारखं सांगितलं तरी निम्मी भीती जाते, मी सांगतो तेव्हा पोरं कान देऊन ऐकतेत. लेखकाचं नाव आणि साल कंसात टाकायची पद्धत हार्वर्डच्या एडवर्ड मार्क नावाच्या प्राणिशास्त्रज्ञापासनं धरली जाते, १८८१ चा पेपर, आणि विषय काय तर बिनशंखाची गोगलगाय. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडं सोयाबीनवर शंखी गोगलगायी पडल्या होत्या, त्या ज्यांनी हातानं वेचल्या त्यांच्या पोरांना हे सांगितलं की लगेच लक्षात राहतं. दुसरी पद्धत नंबरांची. १९७८ ला कॅनडातल्या व्हँकूवर शहरात काही वैद्यकीय जर्नलांचे संपादक एकत्र बसले आणि ठरवलं की प्रत्येक जर्नलनं वेगळं मागायचं आणि लेखकानं दरवेळी सगळं परत टाईप करायचं हे थांबवू, एकच नियम करू. म्हणजे बघा, जी पद्धत आज पोरांना छळते ती मुळात त्यांचा छळ कमी करायला निघालेली. आणि एपीए म्हणतेत ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची, १९२९ ला सात पानांचा लेख होता, आता तिचं जाडजूड पुस्तक आहे आणि २०१९ ला सातवी आवृत्ती आली. त्या आवृत्तीत यादीमध्ये २० लेखकांपर्यंत सगळी नावं द्या म्हणतेत, व्हँकूवरमध्ये सहा नावं देऊन पुढं एट अल, म्हणजे 'आणि इतर', लिहितेत. कोण बरोबर? दोन्ही बरोबर. नंबर टाकला की वाक्य सलग वाचता येतं, म्हणून डॉक्टर लोकांना ते आवडतं. नाव-साल टाकलं की माहिती किती जुनी आहे ते वाचता वाचताच कळतं, म्हणून शेती आणि समाजशास्त्रवाल्यांना ते बरं पडतं. एवढंच आहे ते. आमच्याकडं मात्र व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, स्वल्पविरामावरनं पोराला अर्धा तास उभं केलेलं मी ऐकलंय, आणि त्याच यादीतला एक पण संदर्भ उघडून कुणी बघितला नव्हता.

आणि हे फक्त आपल्याकडंच असंय असं नाही. २०१९ ला प्लॉस वन नावाच्या जर्नलमध्ये एक अभ्यास आला, ४१ देशांतल्या ३७२ संशोधकांना विचारलं की तुमचा फॉरमॅटिंगमध्ये किती वेळ जातो. उत्तर निघालं एका पेपरला साधारण १४ तास, माणशी वर्षाला ५२ तास. त्यात रेफरन्स आले, फाँट आले, तक्ते आले, सगळं आलं. त्या लोकांकडं सगळी साधनं असतेत तरी १४ तास. आमची पोरगी एसटीतनं उतरून, घरचं स्वयंपाकपाणी करून, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर हे करती तर तिला किती लागत असतील त्याचा हिशोब कुणी केला नाही. आता काही मोठ्या प्रकाशकांनी सोय केली आहे की पहिल्यांदा पाठवताना रेफरन्स कुठल्याही पद्धतीत चालतील, फक्त सगळे एकसारखे ठेवा, पेपर मंजूर झाल्यावर बघू. हे शहाणपणाचं आहे. पण ही ओळ जर्नलच्या सूचनांमध्ये कुठंतरी खाली असते, आणि सूचना इंग्रजीत वीस पानांच्या, पोरं तिथपर्यंत पोचत नाहीत, आधीच घाबरून दुकानात जातेत.

पण साहेब, स्वल्पविराम ही खरी अडचण नाहीच, खरी अडचण पुढं आहे. त्या पोरीचे नंबर लावून देताना मी म्हणलं चल एकेक संदर्भ उघडून पण बघू. ३१ नंबरचा उघडंना. जर्नलचं नाव खरं, साल खरं, पण त्या खंडात त्या पानावर दुसराच लेख. तिला विचारलं हे कुठनं घेतलं, तर एका सीनियरच्या थिसिसमधनं. मी शोधगंगावर बघितलं, जिथं देशभरातले थिसिस ठेवलेले असतेत, तर तीच चूक, तोच खंड क्रमांक, तेच पान, तीन थिसिसमध्ये. म्हणजे पहिल्यानं टाईप करताना एक आकडा चुकवला, आणि बाकीच्यांनी मूळ लेख न बघता तसाच उचलला. खरा लेख शेवटी सापडला, दोन खंड मागं होता, सहा पानांचाच आहे, आणि त्यात जे लिहिलंय ते आमच्या पोरीनं त्याच्या नावावर लिहिलेल्या वाक्यापेक्षा वेगळं निघालं. लेखकानं म्हणलेलं की जमीन भारी असली तर रोग वाढतो पण पावसाचा खंड पण बघावा लागतो, आणि थिसिसा-थिसिसांतनं येता येता पावसाचा भाग गळून गेलेला. आपल्या भागात पावसाचा खंडच गळून गेला तर मग राहिलं काय?

हे जुनं दुखणं आहे, आणि कॅलिफोर्नियातल्या दोघा संशोधकांनी २० एक वर्षांमागं याचा हिशोबच मांडला होता. पदार्थविज्ञानातला एक गाजलेला पेपर घेतला, त्याची ४३०० च्या आसपास सायटेशन्स, म्हणजे दुसऱ्यांनी दिलेले त्याचे संदर्भ, तपासली, १९६ मध्ये चुका सापडल्या, आणि त्यातली पान क्रमांकाची एकच चूक ७८ जणांनी जशीच्या तशी केलेली. इतकी सारखी चूक ७८ जण स्वतंत्रपणे करणार नाहीत, एकमेकांच्या यादीतनं उचलली म्हणूनच झाली. त्यावरनं त्यांनी अंदाज काढला की संदर्भ देणाऱ्यांपैकी जेमतेम २० टक्के लोक मूळ लेख वाचत असतील. आणि याच्याही वरचं एक प्रकरण आहे. एका मोठ्या प्रकाशकानं लेखकांना नमुना म्हणून सूचनांमध्ये एक बनावट संदर्भ दिला होता, व्हॅन डर गीर आणि मंडळी, साल २०००, वैज्ञानिक लेख कसा लिहावा अशा नावाचा. असा लेख नाही, त्या नावाचं जर्नल पण नाही. तरी तो शेकडो खऱ्या पेपरांच्या यादीत जाऊन बसला, कारण लोक नमुन्याची फाईल भरायचे आणि तो खोडायचा राहून जायचा. शेकडो पेपर, प्रत्येकाला लेखक, परीक्षक, संपादक, आणि एकानं पण तो उघडून बघितला नाही.

आता त्यात एआय आलंय. पोरं मोबाईलवर चॅटजीपीटीला म्हणतेत तुरीच्या मर रोगावर दहा रेफरन्स दे, आणि ते देतं, फॉरमॅट एकदम सुबक, स्वल्पविराम जागच्या जागी, लेखकांची नावं पण ओळखीची वाटतील अशी, आणि त्यातले काही अस्तित्वातच नसतेत. २०२३ ला न्यूयॉर्कच्या कोर्टात दोघा वकिलांनी असेच एआयनं दिलेले खोटे खटले दाखल्याला लावले, न्यायाधीशांनी ५००० डॉलर दंड केला. मी पोरांना म्हणतो एआयला वाक्य दुरुस्त करायला सांगा, समजावून घ्यायला वापरा, पण संदर्भ म्हणजे पत्ता आहे, आणि जिथं तुम्ही स्वतः जाऊन आला नाहीत त्याचा पत्ता दुसऱ्याला देऊ नका. कुणी लग्नाचा पत्ता चुकीचा दिला तर पाहुणे गावभर फिरतेत, तसंच पुढचा संशोधक फिरत बसतो.

याच्यावर साधी तपासणी आहे. आता बहुतेक लेखांना डीओआय नंबर, म्हणजे त्या लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, असतो, १० नं सुरू होतो, मध्ये एक तिरकी रेघ असते. डीओआयच्या वेबसाईटवर तो टाकला की लेखाचंच पान उघडलं पाहिजे. उघडलं नाही किंवा दुसरंच काही उघडलं तर थांबायचं. एका संदर्भाला मिनिटभर लागतं, ८७ ला दीड तास. दीड तासात एवढं मोठं पाप टळतं. जुन्या लेखांना कधी कधी नसतो हा नंबर, मग लायब्ररीत यायचं, आम्ही कशाला आहोत? हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे, तूर आणि ज्वारीवर त्यांचं एवढं काम आहे, त्यांचे लेख-अहवाल त्यांच्या साईटवर फुकट मिळतेत, आणि आमच्या पोरांना ते तिसऱ्याच्या थिसिसमधनं उसनं घ्यावं लागतं याचं मला वाईट वाटतं. केंद्र सरकारनं वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू केलं, तीन वर्षांना ६००० कोटी, ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार जर्नलं, सरकारी विद्यापीठं-कॉलेजांतल्या पोरांना उघडतेत. म्हणजे मूळ लेख मिळत नाही हे कारण आता पूर्वीइतकं राहिलं नाही. मिळतोय पण माहीत नाही, असं झालंय.

अजून एक गोष्ट, ही आपल्या महाराष्ट्रातल्या पोरांची खास. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडलांचं. पोरगं पेपरवर पण तसंच नाव लिहितं. बाहेरच्या जगात शेवटचा शब्द म्हणजे आडनाव. झालं, संदर्भात त्याचं आडनाव म्हणून वडलांचं नाव जातं आणि खरं आडनाव एका अक्षरावर येतं. आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे चार पेपर आहेत, दोन आडनावाखाली आणि दोन वडलांच्या नावाखाली, गूगल स्कॉलरला, म्हणजे शोधलेख शोधायच्या साईटला, ते दोन वेगळे माणसं वाटतेत. पोरींचं तर लग्नानंतर तिसरंच नाव तयार होतं. मुलाखतीला गेल्यावर मग सिद्ध करत बसा की हे सगळं माझंच आहे. याला उपाय म्हणजे ऑर्किड आयडी, २०१२ पासून मिळतो, १६ आकडी नंबर, फुकट, पाच मिनिटांत निघतो, नाव कसंही छापलं तरी माणूस एकच राहतो. आणि पहिल्या पेपरला नाव जसं लिहाल तसंच जन्मभर लिहा. दुसऱ्याचं नाव आपल्या यादीत घेताना पण बघा की आडनाव कोणतं, नायतर पाटील, जाधव, शिंदे आणि एका अक्षराचे इनिशियल यांच्यात कोण कोणाचं ते देवाला कळणार नाही.

गावांच्या नावांचं पण विचारतेत पोरं. २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झालं, मग १९८५ च्या पुस्तकावर प्रकाशनस्थळ औरंगाबाद छापलंय ते बदलायचं का? नाही बदलायचं. पुस्तकावर जे छापलंय तेच लिहायचं, कारण पुढच्यानं तेच पुस्तक शोधायचंय. यात राजकारण काही नाही. मराठी पुस्तकं, गॅझेटियर, कृषी विद्यापीठाच्या पुस्तिका यांचे संदर्भ देताना पोरं लाजतेत, इंग्रजी पेपरात मराठी कसं टाकायचं म्हणून गाळूनच टाकतेत. असं करू नका रे. नाव रोमन लिपीत जसं उच्चारतो तसं लिहायचं, शेजारी त्याचा अर्थ इंग्रजीत द्यायचा, आणि भाषा मराठी म्हणून नोंदवायची, जगभरात असंच करतेत. शेतकऱ्यानं सांगितलेली माहिती मराठीतच असणार, ती गाळली तर संशोधनात मराठवाडा राहिला कुठं? फक्त एक, जुने मराठी थिसिस श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टाईप केलेत, ते कॉपी केले की नुसती चिन्हं येतेत, सर्चला सापडत नाहीत. इथनं पुढं तरी युनिकोडशिवाय थिसिस घेऊ नये.

आणि एक अफवा मोडायची आहे. पोरांना कुणीतरी सांगितलंय की रेफरन्स जास्त झाले की प्लॅजरिझमचा म्हणजे उचलेगिरीचा टक्का वाढतो, म्हणून कमी करा. पोरं खरे संदर्भ काढून टाकायलेत, म्हणजे चोरी टाळायच्या नादात चोरीच करायलेत. यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, २०१८ चा नियम आहे, १० टक्क्यांपर्यंत साम्याला शिक्षा नाही, आणि मोजताना संदर्भसूची, अनुक्रमणिका, आभार हे धरायचेच नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये तसं सेटिंग असतं, ते लावलं नाही तर टक्का फुगतो. तेवढं लावा म्हणून हक्कानं सांगा.

आता त्या पोरीचं पुढं काय झालं. मी तिच्या लॅपटॉपवर झोटेरो नावाचं संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात २००६ ला तयार झालेलं आहे, फुकट आहे. डीओआय टाकला की लेखाची माहिती आपोआप येते, वर्डमध्ये जिथं संदर्भ पाहिजे तिथं बटण दाबलं की बसतो, खाली यादी आपोआप तयार. मग मी तिला म्हणलं आता बटलर काढ बरं चौथ्या जागेवरनं. तिनं काढला, आणि पुढचे सगळे नंबर डोळ्यादेखत मागं सरकले. परत घातला, पुढं सरकले. तिनं चार वेळा काढला, चार वेळा घातला, काही बोलली नाही, नुसती स्क्रीनकडं बघत होती. मग स्टाईलच्या यादीत जाऊन व्हँकूवरचं एपीए केलं, ८७ च्या ८७ बदलले, परत व्हँकूवर केलं. दहा हजाराच्या वर स्टाईल्स आहेत त्यात. दोन रात्रीचं काम सेकंदांत झालं याचा आनंद तर होताच, पण मला खरं सांगायचं तर वाईट पण वाटलं, कारण हे माझ्याकडं कधीचं होतं आणि ती कधीची आमच्या लायब्ररीत येत होती, आणि मी तिला कधी विचारलं नाही की तू रेफरन्स कसे ठेवतीस.

त्याच्यात पण डोळे उघडे ठेवावे लागतेत, ते पण सांगतो. आत जे जाईल तेच बाहेर येईल. कधी लेखाचं शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये येतं, कधी आडनाव-नाव उलटं येतं, कधी पान क्रमांकच येत नाहीत, ते हातानं नीट करायचं, एकदा केलं की जन्माचं झालं. गूगल स्कॉलरच्या साईटच्या बटणावरनं उचललेल्या संदर्भात डीओआय नसतो, लेखकाच्या नावाची कधी कधी फक्त आद्याक्षरं येतेत. आणि फाईल गाईडला पाठवली, त्यांनी मोबाईलवरच्या ॲपमध्ये उघडून सेव्ह केली की कधी कधी आतले दुवे तुटतेत, म्हणून एक कॉपी आपल्याकडं वेगळी ठेवायची आणि सरांना प्रिंट द्यायची. मागं घेतलेला म्हणजे रिट्रॅक्ट झालेला पेपर यादीत असला तर झोटेरो लाल पट्टी दाखवतं, ती पट्टी दिसली की तो लेख का मागं घेतला ते आधी वाचायचं.

माझं मागणं मोठं नाही. पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये संशोधन आणि प्रकाशन नैतिकता हा विषय यूजीसीनं सक्तीचा केलेला आहे, दोन क्रेडिट, ३० तास. त्यातले चार तास तरी पोरांना कॉम्प्युटरसमोर बसवून, स्वतःच्या विषयाचे दहा संदर्भ स्वतः उघडून, स्वतः यादी तयार करून घेण्यात घालवा. पीपीटी नको, व्याख्यान नको, हातानं करून घ्या. आणि कॉलेजच्या ग्रंथपालाला बोलवा, आम्हाला फक्त ग्रंथ मोजायला ठेवलेलं नाही. दुसरं, थिसिस जमा करताना कुठलीही एक मान्य पद्धत चालेल, फक्त शेवटपर्यंत एकच ठेवा, असं आपल्या विद्यापीठांनी लेखी कळवावं, म्हणजे गाईड बदलला की स्टाईल बदलायची ही दगदग संपंल. तिसरं व्हायवाच्या परीक्षकांना हात जोडून सांगणं, यादीतले कुठलेही पाच संदर्भ निवडा आणि पोराला विचारा की यात काय लिहिलंय आणि तुला ते का पाहिजे होतं. ज्यानं वाचलंय ते लेकरू सांगंल. मग एखादा स्वल्पविराम चुकला असला तर माफ करा त्याला.

गाईड मंडळींवर माझा राग नाही, त्यांच्याकडं एकेकाकडं आठ-आठ पोरं, वर्ग, परीक्षा, निवडणुकीची ड्युटी, सगळं असतं. पण ज्या वाक्याखाली दुसऱ्याचं नाव लिहितो ते त्यानं खरंच म्हणलंय का, एवढं तरी बघून घ्यायला पाहिजे. पुढं तेच वाक्य कृषी सहायकाच्या पत्रकात जातं, तिथनं शेतकऱ्याच्या कानावर जातं, आणि त्या भरवशावर तो बियाणं घेतो.

पोरीचा पेपर परत पाठवलाय, ३१ नंबर दुरुस्त करून, पावसाच्या खंडाचं वाक्य घालून. अजून परीक्षकांकडंच आहे. तोवर तिनं तिच्या सोबतच्या तिघींना झोटेरो शिकवलं, आणि त्या तीन थिसिसवाल्यांपैकी एकाला फोन करून सांगितलं की तुमच्या यादीत असा असा आकडा चुकलाय, तर ते म्हणले बरं झालं सांगितलं, मी पण दुसऱ्याकडनंच घेतला होता.

माझी विनंती आहे की हे पत्र जागा असंल तेवढं छापावं, कापायचं असेल तर माझं कौतुकाचं कापा, डीओआय तपासायचं आणि १० टक्क्यांचं तेवढं राहू द्या. शनिवारी दुपारी २ ते ५ मी लायब्ररीत बसतो, आमच्याच कॉलेजचं पोर पाहिजे असं काही नाही, आजूबाजूच्या तालुक्यातलं कुणी पण लॅपटॉप आणि आपली अर्धी-कच्ची यादी घेऊन यावं. येताना चार्जर आणावा, आमच्याकडं दुपारी लाईट जाते.

आपला,
एक ग्रंथपाल, जि. परभणी
(नाव व कॉलेज छापू नये ही विनंती)